किरणोपचार घेणाऱ्याच्या त्वचेची निगा

शास्त्रभाग : ईयोब २:७-१३, लूक १०:३०-३५



ईयोबाच्या सर्वांगास फोड आले तेव्हां त्याचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले. तेवढें त्यांनीं चांगलें केलें. पुढें ते बोलूं लागले तेव्हां मात्र त्यांनीं त्याच्या दुखण्याचें खापर त्याच्याच पापावर फोडलें, आणि येथेंच ते चुकले. आजहि कर्करोगाचा रोगी काळवंडलेल्या, सोललेल्या कातडीनें गांवीं परततो तेव्हां कोणी त्यास शाप समजतो, कोणी त्याचें ताट वेगळें ठेवतो, आणि रोगी स्वतः घाबरून उपचार अर्ध्यावर सोडतो. अशी चूक आपल्या मंडळींत होऊं नये, हा या धड्याचा हेतु आहे.

१. हें कां होतें?

क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म राँटगेन यांनीं १८९५ सालीं लावला. मुंबईंत परळ येथें टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ सालीं सुरू झालें; तेथें व इतर अनेक इस्पितळांत आज किरणोपचार मिळतो. झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर किरणांचा मारा अधिक बसतो. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. परंतु कातडीच्या पेशीहि सतत नव्या होत असल्यामुळें त्यांनाहि इजा होते. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ती जागा लाल किंवा काळसर होते, कोरडी पडते, खाजते, व कधीं सोलून ओली होते. उपचार संपल्यावरहि एक-दोन आठवडे त्रास वाढूं शकतो. मग बहुतेकांची कातडी कांहीं आठवड्यांत भरून येते. हा शाप नव्हे, आणि तो कोणास लागतहि नाहीं. बाहेरून किरण घेतलेल्या रोग्याच्या अंगांत किरण राहत नाहींत. आईनें आपलें लेंकरूं खुशाल मांडीवर घ्यावें.

२. काय करावें, काय टाळावें?

ती जागा रोज कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें हलक्या हातानें धुवावी. घासूं नये, मऊ कापडानें टिपून घ्यावी. डॉक्टरांनीं काढलेल्या खुणा पुसूं नयेत. सैल, सुती कपडे वापरावे. उन्हांत जातांना पदर, उपरणें किंवा छत्री घ्यावी. मलम डॉक्टर सांगतील तेंच व तेव्हांच लावावें.

हळद, चुना, बाम, झाडपाल्याचा लेप यांपैकीं कांहींहि लावूं नये. गरम शेक, बर्फ, चिकटपट्टी व वस्तरा हेहि त्या जागेपासून दूर ठेवावे. तंबाखू व दारू सोडावी. तोंडाच्या व घशाच्या रोग्यास तर तीं फारच बाधतात.

शिरेंतून किंवा गोळ्यांनीं दिलेल्या कांहीं औषधांमुळें तळहात व तळपाय लाल होऊन सोलतात. अशा रोग्यानें तापल्या जमिनीवर अनवाणी चालूं नये, कढत पाण्यांत हात घालूं नये, व कुदळ-खुरप्याचें काम कांहीं काळ दुसऱ्यास द्यावें. कांहीं औषधांनीं तोंडावर पुटकुळ्या येतात. त्यांवर दुकानांतलें मुरमांचें औषध लावूं नये. शिरेंतून औषध चालू असतां तेथें आग किंवा सूज आली तर परिचारिकेस तत्काळ सांगावें.

३. केव्हां थांबूं नये?

पू, दुर्गंध, मोठे फोड, ओली जखम, तोंडांत व डोळ्यांभोंवतीं पुरळ, अथवा १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप दिसतांच त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. पण उपचार आपल्या मनानें बंद करूं नये. किरणोपचारांत खंड पडला कीं रोगास सवड मिळते. थांबावें कीं नाहीं हें डॉक्टरांनींच ठरवावें.

४. आपलें कर्तव्य

शोमरोनी मनुष्यानें जखमी वाटसरूस त्याचें पाप विचारलें नाहीं. त्यानें जखमा बांधल्या, त्यास उतारशाळेंत नेलें व खर्चहि सोसला. त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. आपण त्याची दया घ्यावी, औषध मात्र डॉक्टरांचें घ्यावें. उपदेशकानें रोग्याच्या उपचाराच्या तारखा वहींत टिपाव्या, एस. टी. पर्यंत त्यास सोबत द्यावी, आणि सर्वांदेखत त्याच्या पंक्तीस बसून जेवावें. गांवाची भीति घालविण्यास तेवढी एक पंगत पुष्कळ उपदेशांहून अधिक उपयोगी पडेल.

विचारासाठीं प्रश्न

१. ईयोबाचे मित्र कोठवर बरोबर होते, व कोठें चुकले?
२. रोग्याच्या कातडीवर आपल्या घरांत काय लावलें जातें? त्यांतलें काय सोडावयास हवें?
३. या आठवड्यांत मंडळींतील कोणत्या रोग्याबरोबर आपण जेवणार आहों?