तलावात नवा मासा सोडण्यापूर्वी

मृगाचा पाऊस होऊन आर्द्रेच्या सरींनी ओढेनाले वाहते झाले आणि माजी मालगुजारी तलावांच्या पाळीला पाणी टेकू लागले, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडील मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांतून बोटुकलीच्या खरेदीची लगबग सुरू होते. आणि दरवर्षी तेच ते कटला, रोहू, मृगळ सोडण्यापेक्षा यंदा लवकर वाढणारा व बाजारात उठाव असलेला एखादा नवा मासा आणून पाहावा, असा विचार याच सुमारास पुष्कळांच्या मनात येतो. हा विचार मुळीच गैर नाही. मात्र सभेत तसा ठराव करण्यापूर्वी सभासदांनी एका प्रश्नाचा निकाल लावावा: हा मासा आपल्या पाण्यात स्वतःहून प्रजोत्पादन करील काय?

उत्पन्न, भाव, खाद्याचा खर्च हे सारे प्रश्न महत्त्वाचे खरे, परंतु ते दुय्यम होत. कटला, रोहू व मृगळ हे मूळचे नद्यांचे मासे असल्यामुळे तलावाच्या साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत. म्हणूनच १९५७ च्या जुलैत डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन ओडिशातील अंगुल येथे त्यांचे प्रेरित प्रजनन साधेपर्यंत या माशांच्या बीजासाठी नद्यांच्या पुरावर अवलंबून राहावे लागे. दरवर्षी बीज विकत घ्यावे लागते, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण त्याच अडचणीत तलावाचा बंदोबस्तही दडलेला आहे, कारण जो मासा आपल्या पाण्यात वाढतो पण वंश वाढवीत नाही, तो नको झाल्यास पुढील वर्षी न सोडला की काम भागते. वंश वाढविणारा मासा मात्र एकदा पाण्यात शिरला की कोणत्याही हुकमाने वा जाळ्याने पुरता बाहेर निघत नाही.

चिलापी, म्हणजे तिलापिया, १९५२ साली भारतात आली, आणि तिचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. मादी अंडी व पिले तोंडात बाळगते, त्यामुळे पिलांची नासाडी अल्प होते. काही महिन्यांच्या वयातच ती प्रजननक्षम होऊन वर्षातून अनेकदा विते. आणि परिणामी तलावात बोटाएवढ्या खुरट्या माशांची इतकी दाटी होते की अन्नावाचून इतर मासे उपाशी राहतात व खुद्द चिलापीलाही वजन येत नाही. थाई मागूर तर मांसभक्षी, हवेतून श्वास घेणारा आणि ओलसर जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकणारा मासा. त्याच्या संवर्धनावर २००० सालापासून भारतात बंदी आहे, आणि कोणी चोरून स्वस्तात देऊ केला तरी संस्थेने तो घेऊ नये. नर-चिलापीचे नियंत्रित संवर्धन शासनाच्या परवानगीने बंदिस्त पाण्यात करता येते, हे खरे. पण सांडव्यावाटे बांध्यांत, बांध्यांतून नाल्यात आणि तेथून वैनगंगेत पाणी सोडणारा आमचा तलाव बंदिस्त म्हणता येत नाही.

पुराचे पाणी परवाना विचारीत नाही. भाक्रा धरणाच्या गोविंदसागर जलाशयात चंदेरा मासा कोणी योजून सोडला नव्हता. १९७१ साली पुरामुळे तो काठच्या मत्स्यबीज केंद्रातून निसटला, जलाशयाला मिळणाऱ्या वाहत्या पाण्यात त्याची वीण झाली, आणि पृष्ठभागाजवळ त्याच्याप्रमाणेच चरणाऱ्या कटल्याचे प्रमाण पुढे घटत गेले. ज्यांच्या शेततळ्याच्या शेजारून ओढा वाहतो, त्यांनी हे उदाहरण विशेष ध्यानात ठेवावे.

पाणवनस्पती खाणाऱ्या गवत्या माशाबाबत थोडे निराळे. पाणवनस्पतींनी तलाव गच्च भरला असेल तर तो उपयोगी पडतो. पण याच वनस्पतींच्या आधाराने मरळीसारखे स्थानिक मासे आपली पिले वाढवितात, त्यांतच कमळकंद व शिंगाडा येतो, आणि धीवरांच्या कित्येक कुटुंबांचा उन्हाळा त्यावर निभावतो. तेव्हा सगळे गवत नाहीसे करण्याचा हव्यास धरू नये, आणि स्वच्छ तळ असलेल्या तलावात तर गवत्या सोडूच नये.

आता प्रत्यक्ष बीजाविषयी. संकट बहुधा आपण मागविलेल्या माशातून येत नाही, पिशवीत मिसळून आलेल्या माशातून येते. म्हणून पिशवी उघडताच ओंजळभर बोटुकली पांढऱ्या घमेल्यात घेऊन पाहावी: कटल्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे व तोंड वरच्या बाजूस वळलेले असते, मृगळाच्या शेपटीच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराचा काळसर ठिपका दिसतो, आणि अंगावर उभ्या पट्ट्या व पाठीच्या परावर ठळक काळा डाग असलेले पिलू आढळले तर ती चिलापी समजावी. खवले नसलेले, तोंडाभोवती मिशा असलेले पिलू निघाले तर थाई मागुराचा संशय धरून ती खेप थांबवावी. चांगले ठरलेले बीज सकाळी वा संध्याकाळी आणावे, पिशव्या पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवाव्यात, मग थोडे थोडे तलावाचे पाणी आत घेऊन पिलांना आपणहून बाहेर पडू द्यावे. मरळीच्या तोंडी जाणारे लहान बीज सोडण्याऐवजी सुमारे दहा सेंटिमीटरची बोटुकली पसंत करावी, मग ती संख्येने थोडी कमी मिळाली तरी चालेल. कटला चार भाग, रोहू तीन व मृगळ तीन, हे जुने प्रमाण बहुतेक तलावांस मानवते.

सांडव्याला लावावयाची जाळी बीज येण्याआधीच बसवावी. ती पहिल्या मोठ्या पावसात पालापाचोळ्याने तुंबते, म्हणून तिच्या देखरेखीचा जिम्मा एका सभासदावर नावानिशी सोपवावा. बीज कोठून घेतले, कोणत्या जातीचे, किती व कोणत्या तारखेस सोडले, याचा तपशील संस्थेच्या नोंदवहीत लिहावा. संशयास्पद पिशवी आढळल्यास ती नाल्यात ओतू नये. पिलांसकट बंद ठेवून विक्रेत्याची पावती जोडावी आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास त्याच दिवशी वर्दी द्यावी.