पाल चुकचुकली तेव्हा

माझा मुलगा दोन वर्षांचा झाला, त्या दिवशी त्याच्याकडे सात शब्द होते. आई, बाबा, मम्मं, भूभू, भुर्र, नाय, आणि पाण्यासाठी नुसतं ‘पा’. मी मोजले होते, कारण वाढदिवसाला आलेली वन्संची मुलगी त्याच्याच वयाची, आणि ती ‘मला नको, दादाला दे’ असं म्हणत घरभर फिरत होती. पाहुणे गेले, भांडी आवरली, आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ती मी कुणाला बोलून दाखवली नाही. त्याचे कान तपासून घ्यायला त्यानंतर नऊ महिने लागले. तुमच्या घरी असं मूल असेल तर तुमचे नऊ महिने वाचावेत, म्हणून हे लिहिते आहे.

थांबायची कारणं तर मुबलक होती. सासूबाई म्हणायच्या, “अगं, याचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता. आमच्या घराण्यात उशिराच बोलतात.” कुणी सांगितलं, मुलगे मागेच असतात. कुणी म्हणालं, जीभ जड आहे. सहाणेवर वेखंड उगाळून मधातून चाटवून झालं. पोपटाने उष्टावलेला पेरू गावाकडून आला, तोही खाऊ घातला. सर्दीसाठी ज्यांच्याकडे नेत होतो ते डॉक्टर म्हणाले, “अजून सहा महिने बघू.” प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं, आणि म्हणूनच मी फसले. मुलगे सरासरीने मुलींच्या थोडे मागे असतात हे खरं, पण तो फरक महिन्या-दोन महिन्यांचा, वर्षाचा नाही. उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं पुढे आपोआप बरोबरी गाठतात हेही खरं. पण आपलं मूल त्यांतलं आहे की नाही, हे त्या वेळी घरात बसून कुणालाच सांगता येत नाही.

कानांची शंका आली नव्हती असं नाही. पण तिचा निकाल आम्ही घरीच लावला. तो खेळत असताना सासूबाईंनी त्याच्या मागे उभं राहून स्टीलच्या ताटावर पळी आपटली. तो दचकला, वळला. “कान ठणठणीत आहेत,” असं ठरलं. शिवाय जन्मल्यावर दवाखान्यात कानांची तपासणी झाली होती, आणि तो कागद ‘पास’ म्हणत होता. कान हा विषय तिथेच संपला, आणि खरी चूक तिथेच झाली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दुसऱ्यांच्या मुलांचं बारीकसारीक माझ्या नजरेतून सुटत नाही. घरात मात्र सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी ते एकत्र जोडलं नाही. पाळणाघरात जायला लागल्यापासून त्याची सर्दी हटत नव्हती. रात्री तोंड उघडं टाकून घोरायचा. टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहायचा. समोर बसून सांगितलेलं सगळं कळायचं, पण स्वयंपाकघरातून हाक मारली तर मान वळायची नाही. पाळणाघरातल्या ताई म्हणायच्या, “हट्टी आहे, ऐकत नाही.” आणि मी बोलायला लागले की तो दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरून माझा चेहरा स्वतःकडे वळवायचा. मला ते लाडाचं वाटायचं. तो माझे ओठ बघत होता. हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

सुटका झाली ती शाळेमुळे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, आरबीएसकेचं, पथक वर्गातल्या मुलांना तपासायला आलं होतं. 2013पासून हा कार्यक्रम चालू आहे. ही पथकं शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतात. काम आटोपल्यावर त्यांतल्या डॉक्टर मॅडमना मी सहज म्हटलं, घरचा एक प्रश्न विचारू का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “हळू बोललेलं ऐकतो का?” मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, चिठ्ठी दिली.

तिथली तपासणी मी आयुष्यभर विसरणार नाही. कानाच्या तोंडाशी मऊ रबरी टोक लावलं, काही सेकंद थांबले, झालं. ना सुई, ना रडारड. पडदा नीट हलत असेल तर आलेखावर डोंगर उमटतो. माझ्या मुलाच्या दोन्ही कानांचा आलेख सपाट होता. पडद्यामागे दाट पाणी साठलं होतं. ऑडिओलॉजिस्ट मला म्हणाल्या, “ताई, दोन्ही कानांत बोटं घाला, मी बोलते.” मी घातली. त्या बोलत होत्या हे कळत होतं, पण ‘दे’ की ‘घे’, ‘कान’ की ‘पान’, काही धड लागेना. मग त्यांनी टेबलावर पेन आपटलं. ते स्वच्छ ऐकू आलं.

आमच्या ताटाच्या परीक्षेचं उत्तर मला तिथे मिळालं. ताट ऐकू येणं वेगळं आणि शब्द ऐकू येणं वेगळं. जन्माच्या वेळचा ‘पास’ही खोटा नव्हता, तो त्या दिवसापुरता खरा होता. पाणी नंतर साठलं. सर्दी वाढली की ते जास्त व्हायचं, उतरली की कमी, म्हणून तो कधी ऐकायचा, कधी नाही, आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत राहिलो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया सांगितली नाही. बऱ्याच मुलांचं हे पाणी तीन महिन्यांत आपोआप निघून जातं, म्हणून थांबून पुन्हा तपासतात. हे थांबणं आणि आमचं आधीचं थांबणं यांत फरक होता. आता काय आहे हे माहीत होतं, पुढची तारीख ठरलेली होती, आणि मधल्या काळात त्याच्याशी समोर बसून, स्पष्ट बोलायचं हे समजलं होतं. तीन महिन्यांनी आलेख तसाच सपाट आला. मग नाकामागच्या वाढलेल्या अ‍ॅडेनॉइड गाठी काढल्या आणि दोन्ही पडद्यांत ग्रोमेट म्हणजे बारीक नळ्या बसवल्या.

घरी आणलं त्या रात्री आम्ही जेवत होतो. ट्यूबलाइटपाशी पाल चुकचुकली. सासूबाईंनी सवयीने जमिनीवर बोट वाजवून “कृष्ण कृष्ण” म्हटलं. मुलगा घास हातात धरून वर बघत होता. मग माझ्याकडे बघितलं, वर बोट केलं आणि म्हणाला, “का?” म्हणजे, काय ते? पाल आमच्या घरात रोज चुकचुकायची. त्याने ती पहिल्यांदा ऐकली होती. सासूबाई जेवणावरून उठल्या आणि आत जाऊन रडल्या.

कान उघडले म्हणजे बोलणं आलं, असं मात्र होत नाही. ऐकण्याची दोन वर्षं मागे राहिलेली असतात. पुढे वर्षभर आठवड्यातून दोनदा वाचा-उपचार चालले. मराठीत किती गोष्टी शब्दाच्या शेवटात असतात, हे मला उपचार करणाऱ्या बाईंनी दाखवलं. आला, आली, आलं. घरात, घरातून, घराला. ही टोकं आपण हळू उच्चारतो. त्याला ती ऐकूच गेली नव्हती, म्हणून तो ‘बाबा आली’ म्हणायचा. मी ‘म्हण, म्हण’ असा तगादा लावायची तो त्यांनी पहिल्या दिवशी बंद केला. त्याच्या उंचीला बसायचं. तो ज्या गोष्टीकडे बघतो तिच्याविषयी बोलायचं. बोलून झालं की मनात दहा अंक मोजत गप्प राहायचं. तो ‘भाकरी’ म्हणाला तर आपण ‘भाकरी हवी? घे गरम भाकरी’ म्हणायचं, त्याच्या शब्दाला एक-दोनच शब्द जास्त जोडून. वाट बघणं सगळ्यांत अवघड गेलं. मला मुलांच्या आधी उत्तर द्यायची सवय आहे, हे माझं मलाच तेव्हा कळलं.

माझ्याकडे आता वर्गातल्या मुलांच्या आया येतात, धाकट्या भावंडांविषयी विचारतात. त्यांना मी हेच सांगते. वर्षाच्या आसपास मूल बोट दाखवून ‘ते बघ’ असं सुचवत नसेल, सव्वा वर्ष उलटूनही एकही अर्थाचा शब्द नसेल, दोन वर्षांनी ‘पाणी दे’, ‘बाबा आला’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, तर पुढच्या सणापर्यंत थांबू नका. आलेले शब्द नाहीसे झाले, तर कोणत्याही वयात, त्याच आठवड्यात दाखवा. हाकेला वळणं, डोळ्यांत बघणं, आपला खेळ तुम्हाला दाखवायला आणणं हे कमी असेल तर तेही सांगा, लपवू नका. त्याची तपासणी वेगळी असते आणि लवकर झाली तर मदतही लवकर सुरू होते. पण काही असो, आधी कान. शब्द मोजायच्या आधी कान. आणि ते ताट वाजवून नाही.

जिभेखालचा पडदा आखूड असला तर काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण मुलाकडे शब्दच नसण्याचं ते कारण नव्हे, म्हणून जीभ कापून घ्यायची घाई करू नका. वेखंडाने कानाच्या पडद्यामागचं पाणी निघत नाही. मोबाइलबद्दल मी कठोर आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2021च्या सूचनांमध्ये दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नकोच म्हटलं आहे, आजी-आजोबांशी कधीमधी व्हिडिओ कॉल एवढाच अपवाद. आणि कुणी म्हणालं की घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला म्हणजे मूल गोंधळणार नाही, तर ऐकू नका. दोन भाषांनी मूल मुकं होत नाही. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं आणि लाड करता येतात, त्याच भाषेत बोला.

वाचा-उपचार करणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तो क्रमांक विचारायला संकोच करू नका. आरबीएसकेची तपासणी आणि पुढची सोय मोफत असते. अंगणवाडी ताईंना विचारलं तर पथक कधी येणार ते सांगतील. मोठ्या तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला 1983पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. जाताना एका वहीत मुलाचे सगळे शब्द, तो जसे म्हणतो तसेच, लिहून न्या. ‘पा’सुद्धा शब्दच आहे.

तो आता पहिलीत आहे. नळ्या केव्हाच आपोआप गळून पडल्या. ळ अजून बसलेला नाही, फळ्याला ‘फला’ म्हणतो. र आणि ळ उशिरा येतात, त्याची मला घाई नाही. पावसाळा लागला की मात्र माझं लक्ष कानांकडे असतं. गेल्या आठवड्यात सर्दी झाली. मी त्याच्या मागे उभी राहिले, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडावर वही धरली आणि कुजबुजले, “भेळ खायची?”

“भेल? कधी?” तो वळून म्हणाला.

तरीही कानांच्या तपासणीची गुरुवारची वेळ घेतली आहे.