डोंगर आपला, पाहुणे एका दिवसाचे



मागच्या श्रावणातली गोष्ट. कळसूबाईच्या पायथ्याच्या एका वाडीत रविवारी गटाची बैठक होती, म्हणून मी शनिवारीच मुक्कामाला गेले होते. पहाटे तीन-साडेतीनला कुत्री भुंकायला लागली. बाहेर येऊन बघते तर रस्त्याने बॅटऱ्यांची रांग चाललेली. शहरातली पोरं-पोरी, अंगात रेनकोट, पाठीवर सॅक. मुंबईकडून रात्रीच्या लोकलने कसाऱ्याला उतरायचं, तिथून जीप करायची, अंधारातच चढायला लागायचं आणि उजाडताना शिखर गाठायचं, असा त्यांचा बेत असतो. दुपारी खाली येतात, जेवतात आणि अंधार पडायच्या आत घराच्या वाटेला लागतात.

ज्यांच्या ओसरीत मी झोपले होते त्या मावशींनी विचारलं, "हे ट्रेक ट्रेक म्हणतात ते नक्की काय असतं गं?" मी म्हणलं, "काही काम नसताना डोंगर चढायचा, त्याला ट्रेक म्हणतात." मावशी इतक्या हसल्या की आतलं नातवंड जागं झालं. लाकूडफाट्याला, गुरांमागं, नवरात्रात देवीची ओटी भरायला, त्यांचा सगळा जन्म त्याच डोंगरावर चढण्या-उतरण्यात गेलेला.

दुपारी मात्र कोणी हसत नव्हतं. गटाने फोनवर 45 ताटांची ऑर्डर घेतली होती. बारा वाजता येतो म्हणालेली मंडळी तीनला आली आणि आली ती 28 जणंच. बाकीच्यांनी वाटेत दुसरीकडेच खाऊन घेतलं होतं. 17 ताटांचं अन्न उरलं. भाकरी घरोघर वाटली, भात-आमटी गुरांपुढे गेली. किराणा उधारीवर आणलेला, तो शेवटी गटाच्या बचतीतून भरावा लागला. "पुन्हा हे नको बाई," असं दोघी-तिघी म्हणाल्या.

मला वाटतं, काम सोडायचं नाही, करायची पद्धत बदलायची. आता पुन्हा पावसाळा तोंडावर आलाय. म्हणून या अंकातला अभ्यास याच विषयावर.

पाहुणा कोण आहे, ते आधी बघा

कळसूबाई 1646 मीटर उंच आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. अकोले तालुक्यात बारी गावातून वर वाट जाते. शेतं, ओढा, मग चढण, कड्याच्या जागी लोखंडी शिड्या, आणि अगदी माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. सवय नसलेल्या माणसाला वर जायला तीन-चार तास लागतात. वरून हवा मोकळी असली तर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले एका रांगेत दिसतात, दुसऱ्या बाजूला भंडारदऱ्याचं पाणी. ते धरण इंग्रजांच्या काळात, 1926 साली पूर्ण झालं. आपल्या जिल्ह्याची प्रवरा तिथूनच खाली येते.

हा पाहुणा मुक्कामाला राहत नाही. त्याला खोली नको, गादी नको. त्याला चार गोष्टी लागतात: पहाटे चहा, वाटेत पाणी आणि लिंबू सरबत, खाली आल्यावर गरम जेवण, आणि बायकांसाठी स्वच्छ संडास. शेवटची गोष्ट मी मुद्दाम लिहितेय. मुलींचे ग्रुप पुढच्या वेळी कुठे थांबायचं ते बऱ्याचदा संडास बघूनच ठरवतात, पण आपल्या बैठकीत हा विषय कोणी काढत नाही.

जेवणात पनीर, नूडल्स करायचा हट्ट नको. ते त्यांना रोज मिळतं. नागलीची भाकरी, वालाची भाजी, पिठलं, ठेचा, वाफाळलेला भात, यासाठी माणूस बोटं चाटतो. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाल, भात, भाज्यांचं बियाणं जपलं आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जे बियाणं सरकारने पद्मश्री देऊन गौरवलं, त्याची भाजी ताटात वाढताना आपण "साधंच आहे हो" असं का म्हणतो?

ताटाचा हिशेब

आता वही-पेन घ्या. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजाराप्रमाणे बदला.

समजा 20 ताटं करायचीत. पीठ 250 रुपये, तांदूळ 120, डाळ-बेसन-कडधान्य 330, तेल-मसाला-कांदा-शेंगदाणे 300, गॅस 150, पत्रावळी आणि साबण-पाणी 150. बेरीज 1300. घरची नागली आहे म्हणून ती फुकट धरू नका, बाजारात विकली असती तर पैसे आले असतेच ना. आता चौघी जणी प्रत्येकी पाच तास राबल्या, म्हणजे 20 तास. तासाला 50 रुपये धरले तर मजुरी 1000. एकूण खर्च 2300. म्हणजे एक ताट आपल्याला 115 रुपयांना पडतं.

बहुतेक गट इथेच चुकतात. ताट 100 रुपयांना देतात, 2000 हातात येतात, 1300 किराण्याचे वजा करतात आणि "700 रुपये नफा झाला" असं इतिवृत्तात लिहितात. अगं, तो नफा नाही! ती तुमचीच मजुरी आहे, तीही अर्धवट. 20 तासांना 700, म्हणजे तासाला 35 रुपये.

ताट 150 ला दिलं तर 3000 येतात आणि मजुरी धरूनही 700 उरतात. हे खरे उरलेले. यातून फुटलेली भांडी, खराब गेलेला दिवस, नवी चटई असं निघतं.

आता 20 पैकी 12 जणंच आली तर? 150 च्या दराने 1800 मिळतात, किराणा वजा जाता 500. तासाला 25 रुपये. पण ऑर्डर घेतानाच निम्मे पैसे आगाऊ घेतले असतील, म्हणजे माणशी 75, तर न आलेल्या आठ जणांचे 600 आपल्याकडे राहतात. 1800 आणि 600, झाले 2400. खर्च 2300. नफा नाही, पण बचतीला हातही लागला नाही. मागच्या श्रावणात एवढी एकच गोष्ट केली असती तर त्या गटावर ती वेळ आली नसती.

आगाऊ मागायला लाज वाटते, हे मला माहितीये. "पाहुण्याकडे आधी पैसे कसे मागायचे?" असं एक ताई म्हणाल्या. पण तो पाहुणा रेल्वेचं तिकीट आधीच काढतो, जीपवाल्याला आधी देतो. त्याला त्यात काही वाटत नाही. फोनवर "ताई, शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत आकडा पक्का करा आणि निम्मे पाठवा, मगच आम्ही तांदूळ निवडायला घेतो," एवढं म्हणलं की पुरे.

काळसूची अट

कळसूबाईची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळ जणींना माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. गावोगाव ती थोडी वेगळी सांगतात. काळसू नावाची कोळ्याची मुलगी एका पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहतानाच तिने अट घातली होती, बाकी सगळं काम करीन, भांडी घासणं आणि झाडलोट करणार नाही. एक दिवस घरच्यांनी तेच काम सांगितलं. तिने ते केलं, आणि तडक डोंगराची वाट धरली, ती परत आली नाही. लोकांनी तिला देवी मानलं.

मी समाजकार्याचं शिक्षण घेताना कामाच्या अटी, कामगारांचे हक्क असं खूप वाचलं. पण काम सुरू करायच्या आधी अट सांगायची, हे या बाईने कधीच करून ठेवलंय. आपले गट काय करतात? "बघू, येतील तेव्हा ठरवू."

म्हणून गटाने दोन याद्या कराव्यात. काय करू, आणि काय करणार नाही. दुसरी यादी करताना सगळ्या गप्प बसतात असा माझा अनुभव आहे. एका गटात बराच वेळ गेला, मग एक जण हळूच म्हणाली, "दारू पिऊन आलेल्यांना वाढणार नाही." मग दुसरी बोलली, "त्यांच्या प्लास्टिकच्या बाटल्या आपण का वेचायच्या?" मग थांबेचनात. रात्री दहानंतर चूल पेटवणार नाही. विचारल्याशिवाय आमच्या लेकींचे फोटो काढू देणार नाही. ही यादी मोठ्या अक्षरात लिहून ओसरीत लावा.

बाटल्यांचं म्हणाल तर हा सगळा भाग 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. जाळ करणं, झाड तोडणं, कचरा टाकणं तिथे चालत नाही. तेव्हा "बाटली मोजून न्या, मोजून आणा" असं आपण सांगितलं तर तो काही आपला आगाऊपणा नाही. आणि जेवणाचं काम नेहमीचं होणार असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या, सीआरपी ताई मदत करतील.

वाट दाखवणारीचा शब्द

काही गटांतल्या बायका आता वाट दाखवायला सोबत जातात. पुरुष वाटाड्या सगळ्यांना चालतो, बाई म्हणली की "जमेल का?" असं विचारतात. एकदा अशा एका ताईंबरोबर मी वर गेले होते. शिड्यांच्या खाली पोहोचलो आणि पश्चिमेकडून गडगडायला लागलं. ताई म्हणाल्या, "आता वर नाही." ग्रुपमधला एक जण चिडला. "पैसे दिलेत आम्ही, एवढं लांबून आलोय." ताई काही बोलल्या नाहीत, फक्त वाटेच्या कडेला बसल्या आणि बोट शिडीकडे केलं. लोखंड. थोड्या वेळाने त्यालाच कळलं.

वीज आणि गडगडाट यांत किती सेकंद जातात ते मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. आकडा 30 च्या आत आला की वीज आपल्या टप्प्यात आहे असं समजा. धारेवरून, शिडीवरून, एकट्या झाडाखालून बाजूला व्हा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच पुढचं बघा. पुण्याच्या हवामान संस्थेने केलेलं दामिनी नावाचं ॲप मोबाईलमध्ये घालून ठेवा. वर रेंज नसते, त्यामुळे निघायच्या आधी खालीच बघायचं. कोणी पडलं, दुखापत झाली तर 108 किंवा 112, आणि फोन लागेल अशी जागा वाटेवर कुठे कुठे आहे ते आपल्याला पाठ पाहिजे. हे ज्ञान तुमच्याकडे आहे, शहरातल्या मोबाईलमध्ये नाही. त्याचेच पैसे मिळतात. म्हणून अटीत लिहा: हवा बिघडली तर परत फिरायचं वाट दाखवणारी ठरवेल, आणि परत फिरलो तरी तिची मजुरी पूर्ण द्यायची.

नगर तालुक्यातल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे कुठे कळसूबाई? तुमच्याकडे शहराजवळच चांदबिबी महालाचा डोंगर आहे. (खरं म्हणजे ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर, पण नाव चांदबिबीचं पडलंय. असू दे, बाईचं नाव लागलंय तर!) डोंगरगण, मांजरसुंब्याची बाजू आहे. पण तिथला पाहुणा वेगळा. सकाळी येतो, दोन तासांत घरी. त्याला ताट नको, त्याला ताक, पोहे, शेंगदाण्याचा लाडू पाहिजे, तोही साडेसहाला. दुपारचा स्वयंपाक करून वाट बघत बसाल तर नुकसान होईल. एक रविवार दोघींनी नुसतं जाऊन बसा आणि किती माणसं कधी येतात, काय विकत घेतात ते वहीत लिहा. भांडवल नंतर काढा.

सुरुवातीला सांगितलेल्या गटाने दिवाळीनंतर पुन्हा ऑर्डर घेतली, 30 ताटांची. आगाऊ मागितले तेव्हा समोरचा "बघतो" म्हणाला आणि दोन दिवस फोनच नाही. अध्यक्षा ताई मला म्हणाल्या, "गेली वाटतं ऑर्डर तुमच्या हिशेबापायी." तिसऱ्या दिवशी रात्री मोबाईलवर पैसे आले. रविवारी 27 जण जेवले, तीन ताटांचे आगाऊ गटाकडे राहिले.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या ताटाचा हिशेब आणि "करणार नाही" ही यादी लिहून आणावी. ग्रामसंघाच्या बैठकीत मी सगळ्यांच्या वह्या बघणार आहे. ज्यांची दुसरी यादी कोरी असेल त्यांच्याजवळ आधी बसेन.