विजेच्या मोठ्या विमानप्रतिकृतींसाठीं बॅटरीचा जोड कसा निवडावा

फवारणीचा ड्रोन आतां पुष्कळ शेतकऱ्यांच्या परिचयाचा झाला आहे. त्याच्या बॅटरीचे जोड, म्हणजे कनेक्टर, छंदाच्या विमानप्रतिकृतींतूनच शेतांत आले. बॅटरी व मोटार घेतांना आपण चार ठिकाणीं चौकशी करतों. पण दोहोंमधील बोटभर जोडाकडे फारसें लक्ष देत नाहीं. तो हवेंत वितळला किंवा सुटला तर सर्व यंत्र एकदम खालीं कोसळतें, आणि खालीं मनुष्यही असूं शकतो. म्हणून ह्या विषयाचा थोडा विचार येथें करीत आहों.

पंपाच्या स्टार्टरमधील ढिली तार तापून काळी पडते, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. येथेंही कारण तेंच. जोडांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. जोडाचा अवरोध ओहमचा एक सहस्रांश असला व त्यांतून १०० अँपियर प्रवाह गेला, तर १० वॅट उष्णता उत्पन्न होते. जोड ढिला होऊन अवरोध पांचपट झाला कीं तीच ५० वॅट होते. एवढ्या उष्णतेनें डाखाचें कथील पातळ होऊं शकतें. उलट, सहा सेलांच्या २२.२ व्होल्ट बॅटरीऐवजीं बारा सेलांची ४४.४ व्होल्टची बॅटरी घेतली, तर तितक्याच शक्तीस १०० ऐवजीं ५० अँपियर पुरतात, व जोडांतील उष्णता चतुर्थांशावर येते.

बाजारांत एक्सटी-६० ह्या जोडाची खुंटी ३.५ मिलिमीटर, एक्सटी-९० ची ४.५, व एएस-१५० ची ७ मिलिमीटर जाडीची असते. एक्सटी जातीच्या नांवांतील आंकडा सतत प्रवाहाचा समजूं नये. तो अल्पकाळापुरता आहे. सतत वाहावयाचा प्रवाह त्याच्या सुमारें निम्माच धरावा. पंखांचें विमान उड्डाणाच्या वेळीं पूर्ण जोर घेतें व पुढें कमी जोरावर तरंगतें. ड्रोनला तसे पंख नाहींत. टांकी भरली असतां, नांगरास जुंपलेल्या बैलाप्रमाणें, त्यास सारखा जोर लावावा लागतो. सबब विमानास पुरणारा जोड ड्रोनास पुरेलच असें नाहीं. प्रथम प्रवाह मोजावा, व मग जोड निवडावा.

दुसरी गोष्ट ठिणगीची. बॅटरी जोडतांच नियंत्रकांतील कपॅसिटर क्षणांत भरतात व ठिणगी उडते. तिनें खुंटीचा मुलामा जळून खड्डे पडतात, व अवरोध वाढत जातो. सहांहून अधिक सेलांच्या बॅटरीस ठिणगीरोधक जोडच घ्यावा. एक्सटी-९०-एस ह्या जोडांत प्रथम टेंकणाऱ्या टोकाशीं लहान अवरोधक बसविलेला असतो. एएस-१५० मध्यें दोन तारांचे जोड निरनिराळे असतात. त्यांत काळा आधीं व लाल मागाहून जोडावा.

बॅटरीच्या बाजूस नेहमीं झांकलेला, म्हणजे मादी जोड असावा. उघड्या खुंट्या एकमेकींस लागल्यास आग लागते. जोड बदलतांना बॅटरीच्या दोन्ही तारा एकदम कापूं नयेत. एक तार कापून, डाख देऊन, तिच्यावर आवरण चढवावें. मगच दुसरीस हात घालावा. डाख देतांना समोरचा सुटा जोड आंत बसवून ठेवावा, म्हणजे प्लॅस्टिक मऊ झालें तरी खुंटी वांकडी होत नाहीं.

शेवटीं परीक्षा. यंत्र उतरल्यावर पंखे थांबूं द्यावे, बॅटरी सोडवावी व जोडास हात लावून पाहावा. कोमट असल्यास चिंता नाहीं. हात ठेववत नसेल, खुंटी काळी पडली असेल, किंवा जोड पूर्वीपेक्षां सैल बसत असेल, तर तो त्याच दिवशीं बदलावा. थोडक्या रुपयांच्या ह्या वस्तूंत काटकसर करून मोलाचें यंत्र व खालच्या मनुष्याचा जीव धोक्यांत घालणें शहाणपणाचें नव्हे, असें आमचें मत आहे.