आवाज गेलाय, कागद जाऊ देऊ नकोस

अगं, ऑपरेशन करून काढलेली थायरॉइडची गाठ कॅन्सरची नव्हती हे कळून महिना झाला, तरी तुझ्या जिवाला चैन नाही हे मला दिसतंय. आवाज घोगरा, पाणी पिताना ठसका, आणि आश्रमशाळेच्या वर्गात तुझं बोलणं मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. त्यात घोडेगावपासून मंचरपर्यंत भेटेल तो सांगतोय, "डॉक्टरनं नस कापली, केस टाका!" त्यांचं ऐकण्याआधी माझं ऐक.

थायरॉइडच्या मागून, श्वासनळीला खेटून, दोन्ही बाजूंनी एकेक बारीक नस वर स्वरयंत्राकडे जाते. स्वरतंतू हलतात ते तिच्या जोरावर. गाठ काढताना ती नेहमीच कापली जाते असं नाही. बऱ्याचदा ती ताणली जाते, सुजते किंवा रक्तस्राव थांबवायच्या यंत्राची आच तिला लागते. अशी नस काही आठवड्यांत, कधी सहा महिन्यांत, कधी वर्षभरातही सावरते. अनुभवी सर्जनच्या हातूनही थोड्या रुग्णांत कायमची इजा होते. म्हणून आवाज बसला एवढ्यावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नकोस, आणि "होईल आपोआप" म्हणून गप्पही बसू नकोस.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. दुर्बिणीतून स्वरतंतू बघायला सांग, कोणत्या बाजूचा हलत नाही ते लिहून घे. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे लवकर गेलेलं बरं. वर्षभरात नस सावरली नाही, तर स्वरतंतूत इंजेक्शन देऊन किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं आवाज बराच सुधारता येतो. मात्र श्वास घेताना घरघर झाली किंवा धाप लागली तर सकाळची वाट बघू नकोस, त्याच वेळी दवाखाना गाठ. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम तपासून घे, थायरॉइडशेजारच्या बारीक ग्रंथी दुखावल्या की असं होतं.

आता कायद्याचं. १९५३ साली गुहागरजवळच्या पालशेतला समुद्रकिनारी एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. वडिलांनी त्याला टॅक्सीनं पुण्याला डॉ. लक्ष्मण जोशींच्या दवाखान्यात आणलं. नीट भूल न देता, माणसं लावून पाय ओढून हाड बसवलं, प्लास्टर घातलं, आणि पोरगा त्याच रात्री गेला. वडील त्र्यंबक गोडबोले कोर्टात गेले. १९६८ साली सुप्रीम कोर्टानं वडिलांच्या बाजूनं दिलेला निकाल कायम केला. त्यात सांगितलंय की रुग्ण हाती घ्यायचा का, कोणता उपचार द्यायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरनं वाजवी काळजी घ्यायलाच हवी. भरपाई होती तीन हजार रुपये. पंधरा वर्षं त्या बापानं काय सोसलं असेल!

तुझ्या बाबतीतही हेच बघितलं जाईल. ऑपरेशनच्या नोंदीत 'नस ओळखली, जपली' असं लिहिलंय का? आधी स्वरतंतू तपासले होते का? तू आवाज गेल्याचं सांगितल्यावर डॉक्टरांनी लगेच लक्ष दिलं का? आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे आवाज जाण्याचा धोका सही घेण्याआधी तुला समजेल अशा भाषेत सांगितला होता का? २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलंय की नुसती सही म्हणजे संमती नव्हे. उपचार, त्याचे मोठे धोके आणि दुसरे पर्याय रुग्णाला कळले पाहिजेत. पण धोका सांगून, काळजी घेऊनही इजा झाली असेल, तर तो हलगर्जीपणा ठरत नाही, हेही मनाला समजाव. हलगर्जीपणा सिद्ध करायची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर असते, आणि सहसा दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लागतं.

तुझ्या मालकांना सांग, दवाखान्यात जाऊन आवाज चढवू नका. लेखी अर्ज द्या. केसपेपर, संमतीपत्र, ऑपरेशनची नोंद, सगळ्याच्या प्रती ७२ तासांत द्याव्यात असा २००२ पासून नियम आहे. तू पैसे भरलेस, किंवा विम्यानं भरले, तरी ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. तक्रार जिल्हा आयोगाकडे पुण्यात किंवा ऑनलाइन करता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. नस सावरायची वाट बघण्यात वर्ष सरतं, म्हणून सांगते.

शिवाय तुझं पोट आवाजावर आहे, हे कागदावर दिसू दे. शाळेतलं नेमणूकपत्र, घेतलेल्या रजा, थेरपीच्या पावत्या ठेव. नारायणगावच्या तमाशाच्या फडातली गाणारी बाई असो की वर्गातली शिक्षिका, आवाज गेल्यावर तिचं किती नुकसान झालं ते भरपाई ठरवताना बघतात. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्या मैत्रिणींनाही सांग, 'माझं काम बोलण्याचं आहे' हे सर्जनला आधीच सांगा आणि ते लिहून घ्यायला लावा.

सोमवारी अर्ज दे, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नकोस.