पोत्यातले सोयाबीन ताटात यावे

खरिपात आपल्या भागात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन दिसते. लातूर, हिंगोली, वाशीम या जिल्ह्यांत तर ते मुख्य नगदी पीक झाले आहे. मात्र मळणी झाली की पोती थेट बाजारात जातात. तेल काढल्यावर उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि पिकवणाऱ्याच्या घरी वाटीभर सोयाबीनही शिजत नाही.

माझ्या दवाखान्यात रोज कोणीतरी म्हणते, "डॉक्टरसाहेब, अंगात ताकद नाही, एखादे टॉनिक लिहून द्या." जेवणात काय असते असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : भाकरी, ठेचा आणि पातळ वरण. अशक्तपणाची कारणे अनेक असतात, ती तपासावीच लागतात. परंतु प्रथिनांची कमतरता हे त्यातले एक मोठे कारण आहे, आणि त्यावरचा उपाय पुष्कळदा रुग्णाच्याच घरी पोत्यात भरलेला असतो.

सोयाबीनमध्ये काय आहे?

पन्नास किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम प्रथिने लागतात. वाढीच्या वयातील मुले, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांची गरज वजनाच्या मानाने अधिक असते. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच सोयाबीनमध्ये ३६ ते ४० ग्रॅम. म्हणजे मूठभर, तीसेक ग्रॅम सोयाबीनमधून अकरा ग्रॅम प्रथिने मिळतात. शिवाय ज्वारी-गव्हात लायसिन हा घटक कमी असतो, तो सोयाबीन भरून काढते. भाकरी आणि सोयाबीन ही जोडी म्हणूनच चांगली.

येथे एक गैरसमज दूर करतो. सोयाबीन तेलात प्रथिने नसतात. तेल खाल्ले म्हणजे सोयाबीन खाल्ले असे होत नाही.

कच्चे खाऊ नये

कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात. पोट फुगणे, मळमळ, जुलाब असे त्रास त्यातून होतात. ओल्या उष्णतेने, म्हणजे नीट शिजवल्याने, हे घटक बहुतांशी निकामी होतात. म्हणून दाणे रात्रभर भिजवावेत, ते पाणी फेकून द्यावे आणि कुकरमध्ये मऊ शिजवून उसळ करावी. भिजवलेले पाणी टाकल्याने गॅसेसचा त्रासही कमी होतो.

पिठासाठी दाणे उकळत्या पाण्यात अर्धा तास उकळावेत, निथळून कडक उन्हात खडखडीत वाळवावेत आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात मिसळून दळून आणावेत. न उकळता तसेच दळू नये. तेलाच्या अंशामुळे हे पीठ लवकर खवट होते, म्हणून थोडे थोडेच दळावे. बाजारातल्या सोयावड्यांत वजनाच्या निम्मी प्रथिने असतात. त्या गरम पाण्यात भिजवून, पिळून रश्श्यात टाकाव्यात.

एक कळकळीची सूचना : पेरणीतून उरलेले पिशवीतले बियाणे चुकूनही खाऊ नये, कोंबड्या-जनावरांनाही घालू नये. त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. धुऊन किंवा शिजवून ते विष जात नाही.

शंका आणि भीती

सोयाबीन खाल्ल्याने पुरुषत्व कमी होते, अशी कुजबुज कानावर येते. सोयाबीनमध्ये स्त्री-संप्रेरकाशी साम्य असलेले आयसोफ्लेव्होन नावाचे घटक आहेत, त्यावरून ही भीती निघाली. परंतु त्यांचा प्रभाव फार क्षीण असतो. अनेक अभ्यास एकत्र तपासून २०२१ मध्ये निष्कर्ष निघाला, की सोयाबीनमुळे पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये फरक पडत नाही. स्त्रियांनीही आहारात सोयाबीन घेण्यास भिऊ नये. आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत.

दुसऱ्या बाजूने, सोयाबीनने हृदयविकार बरा होतो असेही कोणी मानू नये. त्याने वाईट कोलेस्टेरॉल तीन-चार टक्क्यांनी उतरते, एवढेच. सोयाबीनमुळे हृदयविकाराचा धोका घटतो असे लिहिण्याची परवानगी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये उत्पादकांना दिली होती. पुरावा एकसारखा नाही म्हणून ती मागे घेण्याचा प्रस्ताव त्याच प्रशासनाने २०१७ मध्ये मांडला. तेव्हा रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी सोयाबीनच्या भरवशावर बंद करू नये. मधुमेहींना सोयाबीन चालते, कारण त्याने साखर हळू वाढते. पण मैदा-साखरेच्या 'सोया बिस्किटां'ना हा नियम लागू नाही.

कोणी जपावे?

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि सोयाबीन दुपारी किंवा रात्री खावे. दोन्ही जवळजवळ घेतल्यास गोळी नीट शोषली जात नाही. मूत्रपिंडाचा विकार किंवा वारंवार मुतखडा होणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. सोयाबीन खाल्ल्यावर अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर ते पुन्हा खाऊ नये आणि लगेच दवाखाना गाठावा. एक वर्षाच्या आतील बाळाला घरचे सोयादूध आईच्या दुधाऐवजी देऊ नये. ज्यांचे रक्त कमी आहे त्यांनी उसळीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह चांगले शोषले जाते.

सवय नसलेल्यांनी दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू मूठभरापर्यंत जावे. तूर, मूग, हरभरा, दूध, अंडी हे सोडून सोयाबीन खा असे मी म्हणत नाही, त्यांच्या जोडीला आठवड्यातून तीन-चार वेळा खा एवढेच सांगतो. यंदा पोती बाजारात नेण्यापूर्वी दहा-पंधरा किलो स्वच्छ, बिनबुरशीचे दाणे घरच्यांसाठी बाजूला काढून ठेवावेत. टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवण्यापेक्षा ते कितीतरी बरे.