उसना घेतलेला कोड : नोंद ठेवली का?



स्टेमचा शटडाऊन आहे असं कळलं की आपल्या मीरा-भाईंदरमध्ये काय होतं ते वेगळं सांगायला नको. काम निघतं दुसरीकडेच, बादल्या मात्र आपण भरून ठेवतो. कारण स्टेमचं पाणी ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर अशा शहरांना एकाच व्यवस्थेतून येतं. तिकडे काही झालं की इकडे नळाला कळतं.

मुलं जे सॉफ्टवेअर प्रोजेक्ट करतात, त्यांचंही असंच असतं. प्रत्येक ओळ कुणी स्वतः लिहीत नाही. दुसऱ्याने लिहिलेला कोड आपल्या प्रोजेक्टमध्ये वापरला, की आपला प्रोजेक्ट त्याच्यावर अवलंबून राहतो. त्या कोडला ‘डिपेंडन्सी’ म्हणतात. आजचा पाठ तिच्याबद्दल.

आधी माझी चूक सांगते

अकरावीच्या एका गटाला हजेरीचा प्रोजेक्ट दिला होता, दुसऱ्याला निकालाचा. टक्केवारी दोघांनाही काढायची, म्हणून मी एकच फाइल लिहिली. दोन्ही प्रोजेक्ट ती दर वेळी माझ्या सामायिक फोल्डरमधून घ्यायचे. त्यातल्या फंक्शनला आधी ‘मिळालेले’ आणि मग ‘एकूण’ असे दोन आकडे द्यायचे. निकालवाल्यांना उलटा क्रम सोयीचा वाटला. मी बदलून दिला. हजेरीवाल्यांना सांगायचं राहून गेलं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी ५० पैकी ४५ दिवस हजर असलेल्या मुलाची हजेरी ९० टक्क्यांऐवजी १११ टक्के दिसली! “मॅडम, आम्ही काहीच बदललं नाही,” मुलं सांगत होती. “मग काय आपोआप बदललं?” असं म्हणून मी गुण कापले.

दोन दिवसांनी माझ्या फोल्डरचा इतिहास उघडला आणि चूक लक्षात आली. मुलं खरं बोलत होती. गुण परत दिले, वर्गासमोर माफीही मागितली. पण प्रश्न उरलाच : मुलांचे प्रोजेक्ट गिटमध्ये होते, तरी त्यांना पुरावा का दाखवता आला नाही?

गिटला काय दिसतं, काय दिसत नाही

गिट म्हणजे कोडची नोंदवही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते तयार केलं. प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे ‘कमिट’, कुणी केली, कधी केली ते त्यात राहतं. प्रत्येक नोंदीला ४० अक्षर-अंकांची ओळखही मिळते. पण ही वही आपल्या प्रोजेक्टमधल्या फाइलींची असते. बाहेरून येणारी फाइल बदलली, तर आपल्या वहीत एक अक्षरही उमटत नाही. मुलांच्या वहीत खरंच काही बदललं नव्हतं.

सामायिक कोड वापरायच्या तीन रीती

१. कॉपी-पेस्ट : सोपं. पण मूळ फाइलमधली चूक दुरुस्त झाली तरी आपल्याकडची प्रत जुनीच राहते.

२. नेहमी ताजं घ्यायचं : दुरुस्ती लगेच मिळते, आणि दुसऱ्याने केलेला गोंधळही लगेच मिळतो. आमचं हेच झालं.

३. आवृत्ती ठरवून घ्यायची : कोणता कोड, कुठून, कितव्या आवृत्तीचा, हे प्रोजेक्टमध्येच लिहून ठेवायचं. पायथनमध्ये ‘रिक्वायरमेंट्स’ फाइल असते, जावास्क्रिप्टमध्ये ‘लॉक’ फाइल. गिटचं ‘सबमॉड्यूल’ तर दुसऱ्या प्रोजेक्टची नेमकी कमिटच नोंदवून ठेवतं.

आवृत्तीचा आकडाही वाचायला शिकवा. ‘१.४.२’ मध्ये शेवटचा आकडा वाढला तर चूक दुरुस्त झाली. मधला वाढला तर नवी सोय आली, पण जुनं चालतं. पहिला वाढला तर सावधान, जुनं मोडू शकतं! सगळेच हा संकेत काटेकोर पाळत नाहीत, तरी तो फार उपयोगी आहे. मी क्रम उलटा केला तेव्हा पहिला आकडा वाढवायला हवा होता.

बाहेरच्या जगात

लांब कशाला, मुंबईच्याच फ्रॅपे कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांचं ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर ‘फ्रॅपे फ्रेमवर्क’ या सामायिक पायावर उभं आहे. दोन्हींचा कोड गिटमध्ये वेगवेगळा ठेवलेला असतो, पण शाखांची नावं जुळवलेली असतात. पंधराव्या आवृत्तीचं ईआरपीनेक्स्ट पंधराव्या आवृत्तीच्या फ्रेमवर्कबरोबरच बसवायचं. चौदाव्या आवृत्तीत मनुष्यबळ आणि पगाराचा भाग वेगळा काढला, तेव्हा तोही याच शिस्तीत आला.

शिस्त नसली की काय होतं? मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकाने एनपीएम या सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला, आणि जगभरातले असंख्य प्रोजेक्ट तयार होईनात. काही तासांत तो परत ठेवावा लागला.

मग एकदा आवृत्ती ठरवली की झालं का? नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावामधल्या कोडमध्ये सुरक्षेची मोठी त्रुटी सापडली. जुनी आवृत्ती धरून बसलेल्यांना धोका होता. पण ज्यांच्याकडे नोंद होती, त्यांना आपण कुठे कुठे हा कोड वापरलाय ते चटकन कळलं. म्हणून आवृत्ती ठरवा, अधूनमधून तपासा, आणि बदलायची तर मुद्दाम, चाचणी करून बदला. त्या बदलाची कमिटही वेगळी करा.

वर्गासाठी आणि घरासाठी

शिक्षकांनो, पुढच्या प्रोजेक्टमध्ये एक पान सक्तीचं करा : ‘आम्ही कुणाचा कोड घेतला?’ नाव, कुठून, आवृत्ती, कशासाठी, असे चार रकाने पुरेत. दुसऱ्याचा कोड वापरला म्हणून गुण कापू नका, नोंद नसेल तर कापा.

पालकहो, तुम्हाला कोडिंग येत नसलं तरी चालेल. मुलांना एवढंच विचारा, “यातलं तुझं किती, उसनं किती, आणि उसनं घेतलेलं कुठे लिहून ठेवलंयस?”

आणि एखादं मूल “मी काहीच बदललं नाही” म्हणालं, तर लगेच रागावू नका. आधी नोंदवही उघडा. त्याचीही आणि आपलीही.